काळा आजार बरा होतो, चेहऱ्यावर उरतो

काळा आजार (काला-आझार, परजीवीमुळे होणारा तापाचा आजार) बरा झाल्यावर दोन-तीन वर्षांनी बिहारमधला एखादा रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतो. ताप नाही, पानथरी वाढलेली नाही, भूकही चांगली. तक्रार एवढीच, की तोंडाभोवती फिकट डाग पडलेत. पुढे हनुवटी, नाक, ओठ यांवर गाठी येतात. काहींच्या जिभेवर आणि टाळूवरही. डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ साली कोलकात्यात हा प्रकार नोंदवला. काळ्या आजारावरचं युरिया स्टिबामाइन हे औषधही त्यांचंच.

औषधं नव्हती त्या काळात काळ्या आजारातच तोंडाचे हाल याहून वाईट होत. पांढऱ्या पेशी इतक्या घटत, की तोंडातलेच जंतू हिरडी सडवत आणि गालाला आरपार भोक पडे.

काळा आजार घडवणारा लिशमानिया डोनोव्हानी हा एकपेशीय परजीवी सँडफ्लाय (वाळूमाशी) चावल्याने शरीरात शिरतो. (मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूमुळे विदर्भाला ही माशी ठाऊक आहे, काळा आजार मात्र महाराष्ट्रातला नव्हे.) पानथरी, यकृत, अस्थिमज्जा इथे तो ठाण मांडतो. उपचारांनी तिथून हटला तरी कातडीत थोडा शिल्लक राहू शकतो. प्रतिकारशक्ती सावरली, की तिची त्याच्याशी कातडीतच झटापट सुरू होते, आणि ती डाग-गाठींच्या रूपात दिसते. भारतात बऱ्या झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना हे होतं. सुदानमध्ये मात्र जवळजवळ निम्म्यांना, तेही बहुधा सहा महिन्यांच्या आत.

डाग पाहून आधी संशय येतो कुष्ठरोगाचा. डॉक्टर डोळे मिटायला सांगून डागावर कापसाची वात फिरवतात. कुष्ठरोगाचा चट्टा बऱ्याचदा बधिर असतो. इथे रुग्णाला स्पर्श लगेच कळतो. मग आधी काळा आजार झाला होता का, हे विचारायचं आणि कातडीचा तुकडा तपासायचा.

रुग्णाला दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तो कामावर जात राहतो. पण सँडफ्लाय त्याला चावली तर त्या डागांतूनच परजीवी उचलते. गावात काळ्या आजाराचा एकही ताजा रुग्ण नसताना साथ पुन्हा उठू शकते ती अशी. माझ्या मते निर्मूलनाची खरी परीक्षा इथेच आहे. या डागांवर मिल्टेफोसिन या औषधाच्या गोळ्या १२ आठवडे घ्याव्या लागतात. मळमळ, उलट्या होतात. गरोदरपणात त्या चालत नाहीत, आणि डोळ्यांना इजा झाल्याचीही उदाहरणं असल्याने उपचार चालू असताना डोळे तपासत राहावे लागतात. न दुखणाऱ्या डागांसाठी एवढं सोसायला माणूस सहजासहजी तयार होत नाही.