धाप, प्राणायाम आणि मुंबई : हे सगळं आलं कुठून

बाबा लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबायचे, कठड्याला हात, ओठांचा चंबू आणि हळूहळू हवा बाहेर, बशीतल्या गरम चहावर फुंकर घालावी तशी. गिरणीत कार्डिंग म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यात तीस वर्षं काढलेली, त्यामुळे ही फुंकर त्यांना धापेनेच शिकवली होती. पुढे फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तेच करायला सांगितलं आणि योगाच्या सरांनीही तेच, फक्त ते त्याला रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांबवणं म्हणायचे. तेव्हापासून मी धाप आणि योग ह्या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आणि बघितलं तर निम्मी गोष्ट आपल्या आसपासच घडलेली आहे.

1918 च्या जूनमधे मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाची साथ शिरली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला वर्सोव्याला योगेंद्रजींनी द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली, आता सांताक्रूझला आहे ती. आणि त्याच्या अकरा दिवस आधी कर्नाटकात बेल्लूरला, साथ चालू असतानाच, बी. के. एस. अय्यंगारांचा जन्म झाला, लहानपणी त्यांना टीबीही झाला होता. पुढे ते पुण्याचेच झाले, मुंबईतही शिकवायला यायचे, आणि खुर्ची, लोड, पट्टे घेऊन आसनं करायची जी पद्धत त्यांनी रुजवली ती आज धाप लागणाऱ्या माणसाच्या फार कामाची आहे, कारण अशा माणसाला आडवं झोपवलं की जीव घाबरतो.

पण योग तपासून बघण्याचा खरा पाया घातला तो स्वामी कुवलयानंदांनी. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. योगेंद्रजी आणि हे, दोघंही मालसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. कुवलयानंदांनी बडोद्याला उड्डियान आणि नौली ह्या पोट आत ओढून फिरवायच्या क्रिया चालू असताना एक्स-रे काढून बघितले, ते दिवस 1920 च्या सुमाराचे, म्हणजे एक्स-रे मशीन बघायला मिळणं हेच मोठं. 1924 ला लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी योग मीमांसा हे नियतकालिक, 1932 ला सांताक्रूझला शाखा आणि 1936 ला तीच मरीन ड्राइव्हवर चौपाटीजवळ नेली, ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर एका गोष्टीसाठी वाटतो. प्राणायामाने ऑक्सिजन भरभरून मिळतो असं तेव्हाही सगळे म्हणायचे, आजही म्हणतात, आणि ह्या माणसाने श्वासातले वायू प्रत्यक्ष मोजले आणि ऑक्सिजनचा फायदा काही विशेष नाही, प्राणायामाचं मोल दुसरीकडे आहे असं स्वतःच्याच नियतकालिकात लिहिलं. स्वतः आयुष्यभर योग शिकवणारा माणूस हे लिहितो! कैवल्यधाममधे पुढे दम्यावरही काम झालं, डॉ. म. वि. भोळे यांनी 1967 ला योगाने दम्यावर केलेल्या उपचारांबद्दल लिहिलं.

इकडे गिरणगावात वेगळंच चाललं होतं. कापसाची धूळ छातीत जाऊन होणारा बिसिनोसिस, ज्यात सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, तो कार्डिंग आणि ब्लो रूमवाल्यांना, म्हणजे कापूस पिंजून साफ करणाऱ्यांना, जास्त. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. एस. आर. कामतांनी गिरणी कामगारांच्या ह्या आजाराचा आणि मुंबईच्या हवेचाही अभ्यास केला. त्याआधी केईएमच्याच डॉ. के. के. दातेंनी ब्लड प्रेशरच्या पेशंटना शवासन देऊन 1969 ला त्याचे निष्कर्ष छापले, सोबत कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. ते फुफ्फुसाचं काम नव्हतं, पण आपल्या म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात योग हा उपचाराला जोड म्हणून तपासला गेला हे महत्त्वाचं.

फुफ्फुसाच्या जुनाट आजारावरचा पहिला नावाजलेला अभ्यास मात्र ऑस्ट्रेलियातून आला. 1978, डॉ. टंडन, श्वासनलिका खूप अरुंद झालेले 22 पुरुष, अकरा जणांना योग आणि अकरा जणांना श्वासाची फिजिओथेरपी, नऊ महिने. योगवाल्यांची श्रम करायची ताकद वाढली आणि दम लागला तर तो आवरणं त्यांना जास्त जमायला लागलं. मग 1985 ला बंगळुरूच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांचा दम्यावरचा, 53 पेशंटचा. 1990 ला जयपूरच्या डॉ. वीरेंद्र सिंगांचा इंग्लंडमधला, त्यात श्वास घ्यायला जितका वेळ त्याच्या दुप्पट सोडायला लावणारं एक साधं उपकरण होतं, म्हणजे पुन्हा बाबांची फुंकरच. 2009 चा अमेरिकेतला सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या जुनाट आजाराच्या, 29 पेशंटचा अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण त्यात बारा आठवड्यांनी धापेने होणारी घालमेल कमी झाली होती. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना माहितीये की धाप एकवेळ परवडली पण ती आली की होणारी घाबरगुंडी नको, कारण घाबरला की माणूस भराभर श्वास घेतो आणि आणखी अडकतो.

ते अडकणं असं असतं की सीओपीडीत हवा आत जाते पण बाहेर येताना नळ्या मिटतात, जुनी हवा आत कोंडते, छाती फुगलेली राहते आणि छातीखालचा श्वासाचा पडदा सपाट होतो. ओठ आवळून सावकाश सोडलं की नळ्या थोडा वेळ उघड्या राहतात. आता अशा माणसाला जोरजोरात कपालभाती करायला लावली तर काय होईल? बाबांना एका शिबिरात तेच करायला लावलं, वर पंप, म्हणजे इनहेलर, बंद करा म्हणाले, आणि आठवड्यात आम्ही त्यांना ॲडमिट केलं, नाकातोंडावर नेब्युलायझरचा मास्क आणि डोळे आमच्याकडे. तो दिवस मी विसरणार नाही. 2004 ला तर अमेरिकेत 29 वर्षांच्या बाईचं फुफ्फुस कपालभातीने फाटल्याची केस छापून आली होती.

आणि हे काही नवीन सांगणं नाहीये. पंधराव्या शतकाच्या आसपासच्या हठप्रदीपिकेत दुसऱ्या उपदेशात सरळ लिहिलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे शनैः शनैः वश होतात तसाच वायू वश करायचा, आणि तो चुकीच्या पद्धतीने केला तर उचकी, श्वास म्हणजे दमा, आणि खोकला असेच रोग होतात. ज्या रोगासाठी लोक प्राणायाम करायला जातात तोच घाईने होतो असं मूळ ग्रंथच सांगतोय. टीव्हीवरच्या सकाळच्या योगात हे शनैः शनैः कुठे गळालं कोण जाणे.

2015 च्या आसपास दिल्लीच्या एम्समधे डॉ. गुलेरियांच्या टीमने योग आणि नेहमीचं पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम, शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर दोन्हीचा उपयोग जवळपास सारखाच निघाला. म्हणजे जिथे रिहॅबची सोय नाही तिथे, डॉक्टरांना विचारून, पंप चालू ठेवून, योग हा चांगला पर्याय.

बाबांना नंतर एक समंजस शिक्षक मिळाले, तेही आमच्याच गल्लीतले. कुंभक म्हणजे श्वास रोखणं नाही, जोर नाही. खुर्चीवर बसवायचे, पाय जमिनीला टेकलेले, पाठीशी उशी, आणि चारपर्यंत मोजत श्वास सोडायला सांगायचे, पुढे सहा, कधीतरी आठ. पंप शर्टाच्या खिशात असायचाच. शेवटच्या वर्षी बाबा जिन्याच्या त्याच टप्प्यावर थांबायचे, पण कठडा सोडून उभे राहायचे आणि बोटांवर मोजायचे.