रुगर १०/२२ की मार्लिन ६०: नेम ठरतो कुठे?

कागदी लक्ष्यावर सराव करण्यासाठी आणि मोकळ्या जागेत रिकामे डबे किंवा लहान पोलादी चकत्या पाडण्याच्या ‘प्लिंकिंग’ नावाच्या करमणुकीसाठी अमेरिकेतील हौशी नेमबाज जेव्हा पहिली अर्धस्वयंचलित रायफल शोधू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा दोन नावे येतात. एक १९६० साली बाजारात आलेली मार्लिन मॉडेल ६० आणि दुसरी १९६४ सालची रुगर १०/२२. दोन्हींत एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीच्या मागच्या टोकात बसते. दोन्ही रायफली ०.२२ लाँग रायफल हे एकच काडतूस वापरतात. या दोघींवरचा वाद सहसा ‘कोणती अधिक अचूक’ या प्रश्नावर सुरू होतो आणि तिथेच अडकून राहतो. माझ्या मते निवडीच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम आहे, कारण अचूकतेचा मोठा हिस्सा काडतुसाच्या पेटीतून येतो आणि या दोन रायफलींमधला खरा फरक काडतुसे कुठे साठवली आहेत व नळी कशी बसवली आहे यात आहे.

आधी काडतुसाकडे पाहू. १८८७ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने आणलेल्या या काडतुसात साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी असते. मोठ्या काडतुसांत ठिणगी पाडणारी टोपी तळाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. इथे मात्र पितळी पुंगळीच्या तळाशी जी पोकळ कड असते तिच्यातच स्फोटक मिश्रण भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेला चिरडून ते पेटवते. हे मिश्रण ओले असताना पुंगळी गरगर फिरवून ते कडेत पसरवले जाते. ते सगळीकडे सारखे पसरले नाही, तर दारू दर वेळी थोड्या वेगळ्या तऱ्हेने पेट घेते आणि गोळीचा वेगही थोडा बदलतो.

हा ‘थोडा’ बदल किती महागात पडतो याचे गणित सोपे आहे. ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी ५० मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे साडेबारा सेंटीमीटर खाली येते. तिचाच वेग १० मीटर प्रतिसेकंदाने कमी असेल, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले की त्या पातळीवरचे नेमबाज आपल्या नळीला मानवणारा काडतुसांचा एकच विशिष्ट गट का शोधत बसतात ते कळते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच काडतुसाने, मात्र तिथे दर वेळी एकेक काडतूस हाताने भरावे लागते आणि अर्धस्वयंचलित रायफलीला मुभा नसते.

काडतुसे ढोबळमानाने दोन वेगांची मिळतात. ‘स्टँडर्ड’ प्रकार ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली, म्हणजे ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने जातो. ‘हाय व्हेलॉसिटी’ प्रकार ३८० मीटरच्या आसपास निघतो आणि साधारण ५० मीटरवर ध्वनीच्या वेगाखाली येतो. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अवरोध एकदम वाढत असल्यामुळे जलद गोळी आपला वेग फार लवकर गमावते, आणि आडव्या वाऱ्यात गोळी किती ढळणार हे हवेच्या अवरोधामुळे तिला वाटेत लागलेल्या जादा वेळावर अवलंबून असते. त्यामुळे ऐकायला उलटे वाटले तरी, वाऱ्याच्या दिवशी हळू गोळी जलद गोळीपेक्षा कमी ढळते. कागदावर नेम धरणाऱ्याने म्हणून स्टँडर्ड काडतूस घ्यावे, हा सल्ला रास्तच आहे. अडचण अशी की अर्धस्वयंचलित रायफलीला स्वतःचे काम करण्यासाठीही थोडी शक्ती लागते.

दोन्ही रायफलींत ही शक्ती ‘ब्लोबॅक’ पद्धतीने मिळते. पुंगळीच्या मागचा पोलादी बोल्ट कुठेही अडकवलेला नसतो. त्याला रोखून धरते ते फक्त त्याचे वस्तुमान आणि मागची स्प्रिंग. वायूचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीमार्फत बोल्टला मागे ढकलतो. बोल्ट गोळीच्या सत्तरपट जड आहे असे धरले, तर गोळी ४७ सेंटीमीटरची नळी ओलांडेपर्यंत संवेगाच्या हिशोबाने बोल्ट जेमतेम सात मिलिमीटर सरकतो, आणि स्प्रिंग व घर्षण धरले तर त्याहूनही कमी. पुंगळी उघडी पडण्याआधी दाब उतरलेला असतो. रचना साधी आणि सुरक्षित आहे, पण काडतूस फार दुबळे असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी वाटेतच अडकते. म्हणून दोन्हींपैकी कोणतीही रायफल घेतली तरी चार-पाच प्रकारची काडतुसे आणून, कोणती न अडकता चालतात आणि त्यांतली कोणती लक्ष्यावर सर्वांत जवळजवळ लागतात, हे पाहणे पहिल्या दुर्बिणीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

आता नळी. मार्लिनने १९५३ सालापासून ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नावाचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतल्या वळणदार खाचा, वापरले. मॉडेल ६० च्या नळीत असे सोळा उथळ आटे असतात, तर रुगरच्या नळीत नेहमीच्या खोलीचे सहा. उथळ आट्यांमुळे मऊ शिशाची गोळी कमी विद्रूप होते, असा त्यामागचा विचार. कारखान्यातून आलेली मार्लिन तशाच आलेल्या साध्या रुगरपेक्षा थोडी बरी लागते, असे अनेक अनुभवी नेमबाज सांगतात, आणि मला ते पटते. परंतु मार्लिनची नळी दाबून बसवून पिनेने पक्की केलेली असते, तर रुगरची नळी एक इंग्रजी व्ही आकाराचा ठोकळा आणि दोन स्क्रू यांच्या बळावर टिकून असते. षट्कोनी पाना हाताशी असेल, तर घरच्या टेबलावर ती बदलता येते. याच एका गोष्टीमुळे रुगरभोवती नळ्या, दस्ते आणि हलके चाप बनवणाऱ्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. कारखान्याचा चाप बराच जड असतो, तोही बदलता येतो. पैसे टप्प्याटप्प्याने घालून त्याच रायफलीतून स्पर्धेची रायफल घडवता येते. मार्लिन मात्र जशी घेतली तशीच बहुधा राहते.

काडतुसे साठवण्याच्या रचनेत तर दोघींचा स्वभावच वेगळा दिसतो. कड असलेली काडतुसे सरळ उभ्या पेटीत एकावर एक रचली, तर वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकण्याची भीती असते. रुगरने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: दहा काडतुसांचे मॅगझिन फिरत्या चक्रासारखे आहे, त्यात प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खोबण मिळते आणि कडा एकमेकींना भेटतच नाहीत. शिवाय हे मॅगझिन रायफलीच्या पोटात सपाट बसते, बाहेर लोंबत नाही. मार्लिनने तोच प्रश्न काडतुसे एकामागे एक ठेवून सोडवला. नळीखाली दुसरी बारीक नळी असते, तिच्यातील पितळी दांडी पुढे ओढून चौदा काडतुसे खाचेतून आत सोडायची. वेगळे मॅगझिन विकत घ्यायला नको आणि हरवायलाही नको. संथ दुपारी डबे पाडणाऱ्याला यात काहीच कमी नाही.

शिस्तीच्या सरावात मात्र हीच रचना आड येते. भरताना हात नळीच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. रायफल रिकामी आहे हे दाखवायला रुगरमध्ये मॅगझिन काढून बोल्ट मागे अडकवला की पुरते, तर मार्लिनच्या नळीत एखादे काडतूस मागे राहिले नाही ना, हे मुद्दाम तपासावे लागते. अमेरिकेतील ‘ॲपलसीड’ या प्रशिक्षण उपक्रमाच्या चाचणीत २५ मीटरवर चाळीस गोळ्या झाडायच्या असतात आणि जलद टप्प्यांत मध्येच मॅगझिन बदलावे लागते. तिथे रुगरवाला सहज निभावतो आणि मार्लिनवाल्याची तारांबळ उडते. एका बाबतीत मार्लिन वरचढ आहे: नंतरच्या काळातील मॉडेल ६० मध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतो, साध्या रुगरमध्ये तो बंद होतो आणि नेमबाज रिकाम्या रायफलीचा चाप ओढून बसतो.

तेव्हा लक्ष्यावरचा सराव गंभीरपणे करायचा असेल तर मी रुगर सुचवेन, आणि केवळ प्लिंकिंगसाठी, कमी किमतीत मिळत असेल तर मार्लिन. मार्लिनचे नाव २०२० साली तिची मालक असलेल्या रेमिंग्टन कंपनीच्या दिवाळखोरीत रुगरनेच विकत घेतले, त्यामुळे आता मॉडेल ६० शोधायची ती प्रामुख्याने जुन्या बाजारात. अशी जुनी रायफल पाहताना नळीच्या तोंडाची कड भिंगाने तपासावी, कारण वर्षानुवर्षे पुढूनच सळई घालून साफ केल्याने ती झिजलेली असू शकते. दस्ता काढून बोल्टच्या मागचा प्लॅस्टिकचा बफरही पाहावा. तो जुना होऊन पिवळा पडतो आणि तडकतो. बदलायला तो स्वस्त आहे, पण तुटलेल्या अवस्थेत रायफल चालवत राहिल्यास बोल्टचा मार थेट मागच्या धातूवर बसतो.