व्हिक्टर वेंबान्यामा आणि एनबीएतील परदेशी खेळाडू

वेंबान्यामा, व्हिक्टर : (४ जानेवारी २००४ – ). फ्रान्सचा बास्केटबॉलपटू आणि अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमधील सॅन अँटोनिओ स्पर्स संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. उंची २.२४ मीटर, म्हणजे सात फूट चार इंच. एनबीएत नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडून घेण्याचा वार्षिक कार्यक्रम असतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये वेंबान्यामाची पहिल्या क्रमांकावर निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला फ्रेंच खेळाडू.

त्याच्याविषयी बोलताना सगळे आधी उंचीवर येतात, आणि ते साहजिकच आहे. पण एवढे उंच खेळाडू एनबीएने त्याच्याआधीही पाहिले होते. ते बहुधा बास्केटखाली उभे राहत, हात वर करत आणि चेंडू मिळाला की रिंगमध्ये टाकत. वेंबान्यामा मात्र चेंडू स्वतः ड्रिबल करत आणतो, समोरच्याला हुलकावणी देतो, तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेक करतो आणि लगेच मागे धावून प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेत अडवतो. उंची जन्माने मिळाली. बाकीचे सगळे त्याला शिकवले गेले. ते कुठे आणि कसे शिकवले गेले, हे समजले की गेल्या काही वर्षांत एनबीएचे उत्तम खेळाडू अमेरिकेबाहेरून का येत आहेत, याचाही उलगडा होतो.

फ्रान्सला बास्केटबॉल नवा नाही. जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधला आणि दोनच वर्षांनी, २७ डिसेंबर १८९३ रोजी, पॅरिसच्या त्रेव्हीज रस्त्यावरील वायएमसीएच्या तळघरात युरोपातील पहिला सामना झाला. ते कोर्ट आजही आहे. लाकडी पट्ट्यांची जमीन, आणि छत पेलणारे लोखंडी खांब चक्क खेळण्याच्या जागेत. चेंडू घेऊन पळताना त्यांना वळसा घालावा लागे. मूळ स्वरूपात टिकलेले जगातील सर्वांत जुने बास्केटबॉल कोर्ट म्हणून ते ओळखले जाते. जानेवारी २०१९ मध्ये त्या रस्त्यावर वायूचा स्फोट झाला, त्यात या इमारतीचे बरेच नुकसान झाले.

वेंबान्यामाचा जन्म व्हर्सायजवळच्या ल शेने या गावचा. आई एलोदी द फोतरो स्वतः बास्केटबॉल खेळलेल्या आणि पुढे मुलांना शिकवणाऱ्या; वडील फेलिक्स हे मूळ काँगोचे, उड्यांच्या प्रकारांतले ॲथलीट. थोरली बहीण एव्ह आणि धाकटा भाऊ ऑस्कर हेही बास्केटबॉल खेळतात. व्हिक्टर लहानपणी ज्यूदो खेळला, फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो पॅरिसच्या पश्चिमेकडील नाँतेर या उपनगरातल्या क्लबच्या मुलांच्या संघात दाखल झाला.

या क्लबविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. नाँतेर हे कामगारवस्तीचे उपनगर. तिथला क्लब अनेक वर्षे दोनादिऊ कुटुंबाने चालवला : वडील अध्यक्ष, मुलगा पास्काल प्रशिक्षक. पास्काल दोनादिऊ यांनी १९८७ मध्ये संघ हाती घेतला तेव्हा तो अगदी खालच्या प्रादेशिक गटात खेळत होता. एकेक गट वर चढत २०१३ मध्ये याच संघाने फ्रान्सचे विजेतेपद मिळवले. युरोपातील लीगमध्ये जिंकणारा संघ वरच्या गटात जातो आणि हरणारा खाली घसरतो, म्हणून असा प्रवास शक्य होतो. अमेरिकेत संघांच्या जागा ठरलेल्या असतात.

पंधरा वर्षांच्या वेंबान्यामाला नाँतेरने ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय क्लबांच्या युरोकप स्पर्धेत इटलीच्या ब्रेशिया संघाविरुद्ध मोठ्यांच्या संघात उतरवले. अमेरिकेत या वयाचा मुलगा शाळेच्या संघातून समवयस्कांशी खेळतो. तिथे दोन मीटरच्या वर गेलेल्या पोराला फक्त बास्केटखाली उभे करूनही सामने जिंकता येतात, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होते. नाँतेरमध्ये समोर तिशीतले, कुटुंब पोसणारे व्यावसायिक होते. त्यांच्यापुढे नुसत्या उंचीचा उपयोग होत नाही. ते धक्का कुठे द्यायचा, पाय कुठे रोवायचा हे जाणतात. साहजिकच मुलाला पास, पदलालित्य, मोकळ्या जागेचा अंदाज हे सगळे लवकर शिकावे लागते. शिवाय त्याला चेंडूपासून दूर ठेवून सेंटर बनवण्याची घाई कोणी केली नाही. माझ्या मते त्याच्या घडणीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

हीच वाट त्याच्याआधी अनेकांनी तुडवली होती. स्लोव्हेनियाचा लुका डॉनचिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये गेला, सोळाव्या वर्षी त्यांच्या मुख्य संघात खेळला आणि एकोणिसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, युरोलीग या युरोपीय क्लबांच्या अव्वल स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनबीएत तो त्यानंतर गेला. सर्बियाच्या सोंबोर गावचा निकोला योकिच बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये तयार झाला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव ४१ वे आले आणि त्या वेळी दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

नाँतेरनंतर वेंबान्यामा २०२१-२२ च्या हंगामात ल्यॉंजवळच्या व्हिलरबान येथील आसव्हेल क्लबकडून खेळला. एनबीएत खेळलेला फ्रान्सचाच टोनी पार्कर त्या वेळी या क्लबचा अध्यक्ष होता. आसव्हेलने त्या वर्षी विजेतेपद मिळवले, पण दुखापतींमुळे वेंबान्यामाच्या वाट्याला खेळ कमी आला. त्याआधी २०२१ च्या उन्हाळ्यात लाटव्हियात झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने २२ गुण आणि ८ ब्लॉक (हवेत अडवलेले फटके) नोंदवले होते. अमेरिकेने तो सामना ८३-८१ असा दोन गुणांनी जिंकला.

२०२२ मध्ये तो मेट्रोपॉलिटन्स ९२ या लव्हालवा येथे खेळणाऱ्या संघात आला. प्रशिक्षक व्हँसाँ कोले हेच राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते, आणि त्यांनी खेळाची सूत्रे या अठरा वर्षांच्या मुलाकडे दिली. त्याच ऑक्टोबरात लास व्हेगसजवळ एका अमेरिकी व्यावसायिक संघाविरुद्ध दोन प्रदर्शनीय सामने झाले. पहिल्यात त्याने ३७ गुण केले, दुसऱ्यात ३६. एनबीएचे झाडून सगळे निवडकर्ते प्रेक्षकांत होते. त्यानंतर एनबीएतील नामवंत खेळाडू लेब्रॉन जेम्सने त्याला परग्रहवासी म्हटले आणि ते विशेषण त्याला कायमचे चिकटले. त्या हंगामात तो फ्रेंच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ अंतिम फेरीत मोनाकोकडून हरला, आणि काही दिवसांतच ब्रुकलिनमध्ये ड्राफ्ट झाला. त्याच संघातला बिलाल कुलिबाली त्याच रात्री सातव्या क्रमांकावर निवडला गेला. एका फ्रेंच क्लबमधून एकाच वर्षी पहिल्या सातांत दोघे!

स्पर्सकडे जाणे हा नशिबाचा भाग. ड्राफ्टचा क्रम सोडतीने ठरतो आणि पहिला क्रमांक मिळण्याची स्पर्सची शक्यता १४ टक्केच होती. मात्र परदेशी खेळाडूंना समजून घेणारा संघ म्हणून स्पर्सचे नाव फार जुने आहे. २००१ मध्ये त्यांनी २८ व्या क्रमांकावर पार्करला घेतले. तो २००७ मध्ये एनबीए अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पहिला युरोपीय. अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिलीला त्यांनी १९९९ मध्ये ५७ व्या क्रमांकावर उचलले होते. १९९६ ते २०२५ या काळात स्पर्सचे प्रशिक्षक असलेले ग्रेग पॉपोविच यांच्या हाताखाली वेंबान्यामाची सुरुवात झाली.

पहिल्या हंगामात त्याने सामन्यामागे २१.४ गुण, १०.६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ३.६ ब्लॉक अशी सरासरी राखली. ब्लॉकमध्ये तो संपूर्ण लीगमध्ये पहिला होता. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी टोरांटोत २७ गुण, १४ रिबाउंड, १० ब्लॉक. त्याच महिन्यात लेकर्स संघाविरुद्ध २७ गुण, १० रिबाउंड, ८ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ५ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) आणि ५ ब्लॉक. पाचही रकान्यांत पाच किंवा अधिक, असा आकडा जुन्या जाणत्यांनाही क्वचितच जमतो. सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला एकमताने मिळाला.

त्याचा बचाव मात्र आकड्यांत पुरता उतरत नाही. विरोधी गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे आणणारा खेळाडू, वेगाने बास्केटकडे घुसतो, मार्ग मोकळा दिसतो, तो शेवटची दोन पावले टाकतो आणि मग वेंबान्यामा कुठे आहे हे त्याला दिसते. तो चार-पाच पावले दूर असतो, एरवी हे अंतर सुरक्षित. पण त्या हातांच्या लांबीपुढे ते पुरत नाही. गार्ड फटका न मारता चेंडू बाहेर काढून देतो. हा न मारलेला फटका कोणत्याही रकान्यात नोंदला जात नाही, आणि सामना बरेचदा तिथेच फिरतो. सामना पाहताना चेंडूऐवजी काही मिनिटे त्याच्यावर नजर ठेवावी, म्हणजे हे कळते.

एवढ्या उंच शरीराचे धोके उघड आहेत. चीनचा याओ मिंग हा २००२ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. पाय आणि घोट्याच्या दुखापतींनी त्याला २०११ मध्ये, तिशीतच, खेळ सोडावा लागला. वेंबान्यामाच्या प्रशिक्षकांनी हे आधीच ओळखले. तो सामन्याआधी अनवाणी पायांनी बराच वेळ व्यायाम करतो : पायाची बोटे एकेक करून उचलणे, ताणणे, घोटा सगळ्या बाजूंनी फिरवणे, जमिनीवर रांगणे. पाहायला कंटाळवाणा वाटणारा हा व्यायामच त्याची कारकीर्द लांबवू शकेल. आघात मात्र वेगळ्याच बाजूने आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, पहिल्यांदाच ऑल-स्टार हा लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना खेळल्यानंतर, त्याच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळली आणि हंगाम तिथेच संपला. त्या उन्हाळ्यात तो चीनमधील शाओलिन मठात राहून आला, ह्यूस्टनला हकीम ओलाजुवॉनकडे शिकला, आणि ऑक्टोबरमध्ये परतल्यावर पहिल्याच सामन्यात डॅलसविरुद्ध ४० गुण केले. ओलाजुवॉन मूळ लागोसचा, हँडबॉल खेळता खेळता बास्केटबॉलकडे वळलेला; १९९४ चा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू.

पॅरिस ऑलिंपिकचा फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना, १० ऑगस्ट २०२४, अमेरिकेने ९८-८७ असा जिंकला. वेंबान्यामाने २६ गुण केले. शेवटच्या तीन मिनिटांत अमेरिकेच्या स्टीफन करीने तीन गुणांच्या चार फेका लागोपाठ टाकल्या नसत्या, तर निकाल काय लागला असता हे सांगणे अवघड होते. १९९२ मध्ये बार्सिलोनात अमेरिकेचा ‘ड्रीम टीम’ खेळला, तेव्हा प्रतिस्पर्धी सामन्याआधी त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढून घेत. २००४ मध्ये अथेन्सला अर्जेंटिनाने सुवर्ण जिंकले. २०२३ च्या विश्वचषकात जर्मनी विजेता आणि अमेरिका चौथी.

एनबीएतही तोच बदल दिसतो. २०१८ मध्ये जेम्स हार्डन सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यानंतर २०२५ पर्यंत हा पुरस्कार एकदाही अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूला मिळाला नाही : ग्रीसचा यानिस आंतेतोकुंपो दोनदा, योकिच तीनदा, कॅमेरूनमध्ये जन्मलेला जोएल एम्बीड आणि कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर प्रत्येकी एकदा. २०२३-२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा लीगमध्ये ४० देशांचे १२५ परदेशी खेळाडू होते. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिले दोघे, झाकारी रिझाशे आणि ॲलेक्स सार, फ्रेंच होते. आफ्रिकेतली वाट थोडी निराळी आहे. तिथे मुले बहुधा उशिरा, शिबिरांतून सापडतात. एम्बीड याउंदेत असेच एका शिबिरात नजरेत आला, तोवर त्याने जेमतेम खेळायला सुरुवात केली होती.

भारताशी या सगळ्याचा धागा अजून बारीक आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला, पण एनबीएचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले, आणि पहिल्या सामन्याला स्टँड शाळकरी मुलांनी भरले होते. उंच मुले आपल्याकडेही सापडतात. पंधराव्या वर्षी त्यांना मोठ्या व्यावसायिकांबरोबर रोज खेळवणारी क्लबांची उतरंड आपल्याकडे नाही, आणि शिबिरे किंवा अकादम्या तिची जागा घेऊ शकतील असे वाटत नाही.

युरोपातही ही उतरंड सुरक्षित नाही. खेळाडू करार मोडून अमेरिकेला गेला, तर एनबीए संघ क्लबला ठरावीक मर्यादेपर्यंतच भरपाई देऊ शकतो. फुटबॉलमध्ये मिळते तशी रक्कम इथे येत नाही. वेंबान्यामा गेल्यानंतरच्याच हंगामात मेट्रोपॉलिटन्स ९२ तळाला राहिला आणि वरच्या गटातून बाहेर पडला. दुसरीकडे अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, त्यामुळे युरोपातली अठरा-एकोणीस वर्षांची मुले क्लब सोडून तिकडे जाऊ लागली आहेत. मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने युरोपात नवी लीग काढण्याची शक्यता एकत्रितपणे तपासत असल्याचे जाहीर केले. त्या लीगमध्ये मोठ्या शहरांच्या श्रीमंत संघांना जागा मिळेल हे उघड आहे. नाँतेरसारख्या, खालून वर आलेल्या क्लबांना ती मिळेल का, यावर त्या देशांतले प्रशिक्षक आज वाद घालत आहेत.