खार दिसली की बहिरा होणारा कुत्रा

बंड्या घरात अतिशय गुणी आहे. 'बस' म्हटलं की बसतो, 'सोड' म्हटलं की तोंडातली चप्पल सोडतो, हाक मारली तर झोपेतूनही शेपूट आपटत उठतो. परवा सकाळी फिरताना झाडाच्या बुंध्याशी एक खार दिसली आणि हाच गुणी प्राणी दगड झाला. मान खाली, पाठ सरळ रेषेत, पुढचा एक पाय अधांतरी, कान खारीवर रोखलेले. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्याच्या आवडीचं बिस्कीट अक्षरशः नाकाला लावलं, तर त्याने हुंगलंसुद्धा नाही. बाजूने जाणारे एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "तुमचा वचकच नाही त्याच्यावर. मालक कोण ते एकदा दाखवून द्या."

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला हा सल्ला कुठेही फुकट मिळतो. त्यामागचा तर्क असा: कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक 'अल्फा' असतो, बाकीचे त्याला दबून राहतात. तेव्हा आपण अल्फा व्हायचं. आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, आणि एवढं करूनही ऐकलं नाही तर कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरायचं. असं दाबून धरणाऱ्या ट्रेनरांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात आणि खाली टाळ्या वाजवतात.

या अल्फाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. ते लांडगे बंदिस्त आवारात होते. पळून जायला वाट नाही, मग जागेवरून मारामाऱ्या होणारच. त्यांतून वरचढ-खालचढ असा क्रम दिसला. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाने 1970 च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती जगभर पोचली. नंतर याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समीअर बेटावर अनेक उन्हाळे रानटी लांडग्यांजवळ काढले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. बाप 'अल्फा' असतो तो कुठल्याही घरातला बाप असतो तसा, कुस्ती जिंकून नव्हे. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. मूळ माणसाने माघार घेतली, तरी व्हिडिओ चालूच आहेत.

मग खारीपुढे बंड्याचं झालं काय? इथून पुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे, तेव्हा जरा लांबेल.

लांडग्याची शिकार ही एक कृती नाही, ती कड्यांची साखळी आहे. आधी हेरणं. मग टक लावणं. मग दबकत पुढे सरकणं. मग पाठलाग, पकड, मारण्यासाठीचा चावा, फाडणं आणि शेवटी खाणं. एक कडी पूर्ण झाली की पुढची आपोआप उघडते. लांडग्यात ही साखळी अखंड असते, कारण मधली एक जरी कडी गळली तरी तो उपाशी मरेल. कुत्र्याला खायला माणूस घालतो. त्यामुळे साखळी तुटली तरी कुत्रा जगतो, आणि माणसाने पिढ्यानपिढ्या निवडक पैदास करून ती आपल्या सोयीने तोडली. काही कड्या फुगवल्या, काही जवळजवळ पुसल्या. रेमंड कॉपिंजर या जीवशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या जातींकडे याच नजरेने पाहिलं, आणि एकदा ती नजर आली की रस्त्यातला कुठलाही कुत्रा वेगळा दिसायला लागतो.

बॉर्डर कॉली मेंढ्यांकडे टक लावते, दबकत सरकते, धावते, पण पकडीपाशी थांबते. मेंढ्या राखायला हवी तेवढीच साखळी. पॉइंटर जातीचा कुत्रा पहिल्या कड्यांतच गोठतो आणि शिकाऱ्याला पक्षी कुठे आहे ते दाखवतो. लॅब्रॅडॉर पकडतो, पण दात रुतवत नाही, म्हणून तर त्याच्या तोंडात सदान्‌कदा काहीतरी असतं. टेरियर खेळण्याला मानेशी धरून जोरजोरात झटकतो; उंदीर मारण्यासाठीचा चावा तो हाच. आणि पाहुणे आले की सोफ्याच्या उशीतला कापूस सगळ्या खोलीभर पसरणारा कुत्रा सूड घेत नसतो, तो 'फाडणं' या कडीत रमलेला असतो. उलट मेंढ्यांच्या कळपात राहून राखण करणाऱ्या जातींत ही साखळी सुरूच व्हायला नको असते, त्यामुळे त्या चेंडू फेकला तर आपल्याकडेच खुळ्यासारख्या बघत बसतात. त्यांना 'मंद' म्हणणारे लोक मला भेटले आहेत.

आता खरी खोच. या कड्या भुकेवर चालत नाहीत आणि रागावरही चालत नाहीत. 1960 च्या दशकात मांजरांवर काही प्रयोग झाले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. त्याच्या मधल्या बाजूला विजेची सौम्य उत्तेजना दिली की मांजर फिस्कारतं, केस उभे करतं, पंजे मारतं. हा राग. बाहेरच्या बाजूला दिली की मांजर बिनआवाज चालत जातं आणि उंदराचा थेट चावा घेतं. ना फिस्कारणं, ना केस उभे. ही शिकार. दोन्ही वागणुकींचे मार्ग वेगळे. त्याहून विलक्षण म्हणजे 1964 च्या प्रयोगात अशी उत्तेजना मिळालेली मांजरं समोरचं अन्न सोडून उंदरावर गेली, आणि उंदरावर हल्ला करायला मिळावा एवढ्यासाठी भुलभुलैयातली योग्य वाट शिकली. म्हणजे हल्ल्याची संधी हेच बक्षीस. पोट भरणं हा वेगळाच हिशेब. कड्या स्वतःच स्वतःचं बक्षीस असतात, आणि वागणं व त्याचा मोबदला एकाच ठिकाणी असल्यामुळे बाहेरून दिलेलं कुठलंही प्रोत्साहन त्या क्षणी स्पर्धेत उतरण्याआधीच हरलेलं असतं.

हे वाक्य अवघड वाटलं तर बिस्कीट आठवा. बंड्याच्या नाकाला लावलेलं बिस्कीट साखळीच्या शेवटच्या कडीचं होतं आणि तो होता दुसऱ्या कडीत. टक लावून बसलेल्याला खाणं सुचत नाही. त्यात माझा अपमान करण्याचा काही हेतू नव्हता.

प्रशिक्षणाच्या धंद्यातल्या लोकांनाही हे ठेच लागूनच कळलं. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे दांपत्य बी. एफ. स्किनर या प्रसिद्ध वर्तनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेलं. योग्य वेळी बक्षीस दिलं की कुठल्याही प्राण्याला काहीही शिकवता येतं, या विश्वासावर त्यांनी जाहिराती आणि करमणुकीसाठी हजारो प्राणी तयार केले. 1961 मध्ये त्यांनी आपल्या फजितीचा एक प्रांजळ निबंध लिहिला. रकून या अमेरिकी रानटी प्राण्याला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं होतं. एक नाणं असताना जेमतेम जमलं. दोन नाणी दिली तर तो ती एकमेकांवर घासत बसला, डब्यात बुडवायचा आणि पुन्हा बाहेर काढायचा. रानात रकून खेकड्यासारखं भक्ष्य असंच चोळून साफ करतो. डुकरं लाकडी नाणी गल्ल्यापर्यंत न्यायची सोडून वाटेतच नाकाने उकरू लागली. बक्षीस उशिरा मिळत होतं, उपासमार वाढत होती, तरीही. शिकवलेलं वागणं हळूहळू अंगभूत वागण्याकडे घसरतं, हा त्यांचा निष्कर्ष.

म्हणजे सगळं संपलं का? नाही. 1959 मध्ये डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांना खाऊची गोळी देणारं यंत्र आणि पिनबॉलचा खेळ असे दोन पर्याय दिले. ज्यांना खेळ जास्त आवडायचा ती मुलं खेळायला मिळावं म्हणून जास्त गोळ्या खाऊ लागली. ज्यांना गोळ्या आवडायच्या ती उलट. बक्षीस म्हणजे वस्तू असतेच असं नाही. जी कृती त्या घडीला जास्त हवीशी आहे ती कमी हव्याशा कृतीचं बक्षीस होऊ शकते. तेव्हा खारीशी झुंजायचं कशाला? खारच पगारात द्यायची.

पण त्यासाठी कुत्र्याची भाषा वाचता यावी लागते, कारण सगळा खेळ सेकंदाच्या भागांचा आहे. हेरताना कुत्र्याचे कान पुढे जातात, पण तोंड अजून सैल असतं, आणि हाक मारली तर एक कान मागे फिरतो. इथे तो आपल्याला ऐकतोय. तोंड मिटलं, श्वास थांबला, वजन पुढच्या पायांवर गेलं की टक सुरू झाली आणि दार बंद. बहुतेक लोक हाका मारतात ते दार बंद झाल्यावर. दहा हाका वाया जातात आणि नावाची किंमत मात्र उतरते.

बाकीची भाषाही अशीच शरीराची. नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं ही सगळी 'जरा सांभाळून' अशी विनवणी असू शकते. त्यानंतर अंग ताठ होतं, मग गुरगुरणं येतं. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणं म्हणजे धुराची सूचना देणारी घंटा काढून टाकणं. आग तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा 'अचानक' चावतो. उताणा दाबलेला कुत्रा निपचित पडतो तेव्हा ट्रेनर म्हणतो, बघा शांत झाला. तो घाबरून गोठलेला असतो.

'त्याला कळतं त्याने काय केलंय, तोंड बघा कसं पाडलंय' हेही असंच. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर तपासून पाहिलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने गुन्हा केला की नाही यावर ठरत नव्हता. मालक रागावतो की नाही यावर ठरत होता. आपण कुत्र्याच्या मनातला पश्चात्ताप वाचतो म्हणतो, प्रत्यक्षात कुत्रा आपला चेहरा वाचत असतो. (रात्री कुत्रं रडलं की कुणाचा तरी मृत्यू ओढवतो असं मानणारे तर त्या रडण्यात न जन्मलेल्या घटनाही वाचतात. असा लांब सूर काढणं हा लांबवर आवाज पोचवण्याचा जुना मार्ग आहे, कधी दुसऱ्या कुत्र्याला, कधी नुसत्या सायरनला दिलेलं उत्तर.) आणि धाकाचं म्हणाल तर पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला, 2020 चा एक अभ्यास सांगतो की धाक-दपट्याच्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त आढळलं.

बंड्याशी आता आमचा करार आहे. सुरुवात खारीपासून खूप लांब केली, जिथे त्याचं तोंड सैल असतं तिथे. लांब दोरी लावली. खार दिसली की मी गप्प उभा राहतो. पहिल्या दिवशी बऱ्याच वेळाने त्याने वळून पाहिलं, 'हा का चालत नाहीये' अशा नजरेने. त्याच क्षणी 'हो!' म्हटलं आणि त्याच्याबरोबर झाडाच्या दिशेने धावलो. खार अर्थातच वर. दोन महिन्यांत तो खार, मग मी, मग खार असं बघायला लागला, आणि वळून पाहायला लागणारा वेळ सेकंदावर आला. बिस्कीट त्यात कुठेच नाही. पगार म्हणजे दहा पावलं दबकणं आणि वीस पावलं पळणं, तेवढ्याच कड्या. पकड येण्याआधी दोरी संपते.

गेल्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा भेटले. बंड्याने खार हेरली, माझ्याकडे वळून पाहिलं, आम्ही दोघं पळत झाडापाशी गेलो. धापा टाकत मी परत आलो तेव्हा ते म्हणाले, "आता वचक बसलेला दिसतोय." तेवढ्यात कुंपणावरून मांजर चाललं होतं. बंड्याचं तोंड मिटलं, पुढचा पाय वर गेला, आणि मांजराचा करार आम्ही अजून सुरूच केलेला नाही.