टोनचा एकटा नॉब

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या घरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्या एका वर्षी टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रावर) टेप करून ठेवल्या होत्या. त्या यंत्राला आवाजाचा एक नॉब आणि त्याच्या शेजारी ‘टोन’ लिहिलेला दुसरा. हा दुसरा नॉब एका टोकाला नेला की कासाळ्यांची (झांजांची) किणकिण आणि शामेळ या काठीने वाजवायच्या वाद्याचा कडक ठोका विझत जायचा, उरायची ती घुमट या मातीच्या वाद्याची थाप. उलट फिरवला की कासाळी परत यायची, पण त्यांच्यासोबत टेपची सळसळही यायची. आजोबा दर वेळी मधली कुठली तरी जागा शोधत बसायचे. ती जागा प्रत्येक आरतीला वेगळी असे.

पुढे दुरुस्तीच्या निमित्ताने मी ते यंत्र उघडून पाहिले. टोनच्या नॉबमागे एक पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा विजेचा अडथळा, आणि एक कंडेन्सर, एवढाच ऐवज होता. एवढ्याशा जोडीने आवाजाचा स्वभाव बदलतो कसा, हे कळायला जुन्या वॉल्व्ह-रेडिओपर्यंत, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या रेडिओपर्यंत, मागे जावे लागते.

कंडेन्सरचा एक साधा गुण आहे. मंद कंपनांना तो अडवतो, जलद कंपनांना वाट देतो. कंपनसंख्या दुप्पट झाली की त्याचा अडथळा निम्मा होतो. ०.०५ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर घेतला, तर १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) खर्जाला तो सुमारे ३२,००० ओहमचा अडथळा करतो. ५००० हर्ट्झच्या तीव्र, म्हणजे उंच पट्टीच्या, आवाजाला मात्र जेमतेम ६४० ओहमचा. वॉल्व्ह-रेडिओच्या शेवटच्या वॉल्व्हवर स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरचा भार साधारण ७००० ओहमचा धरा. त्या भाराला समांतर हा कंडेन्सर जोडला की खर्ज त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, थेट स्पीकरकडे जातो. तीव्र स्वर मात्र या सोप्या आडवाटेने निसटतात. आता कंडेन्सरच्या वाटेत ५०,००० ओहमचा पॉट घाला. पॉट पूर्ण असला की आडवाट जवळजवळ बंद, शून्यावर आणला की सताड उघडी. टोनचा नॉब म्हणजे या आडवाटेचे दार.

इथे एक गैरसमज फार जुना आहे. नॉब त्या बाजूला नेला की ‘खर्ज वाढला’ असे आपण म्हणतो. वाढत काहीच नाही. वरचे निघून जाते, म्हणून खालचे पुढे आल्यासारखे वाटते. या साध्या नॉबला फक्त काढून घेता येते, आणि हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

रेडिओला हा नॉब लागायचे एक मोठे कारण म्हणजे पाच इलेक्ट्रोडांचा पेंटोड वॉल्व्ह. फिलिप्स कंपनीच्या बर्नार्ड टेलेगेन यांनी तो १९२६ मध्ये शोधला. थोड्या खर्चात भरपूर आवाज देणारा हा वॉल्व्ह घरगुती रेडिओंनी लगेच उचलला. पण स्पीकरच्या कॉइलचा अडथळा कंपनसंख्येबरोबर वाढत जातो, आणि पेंटोडचा स्वभाव असा की अडथळा वाढेल तसा तो जास्त जोर लावतो. परिणामी आवाज कर्कश. त्यावर उतारा म्हणून कारखान्यातच एक कंडेन्सर आडवा जोडून देत. तोच कंडेन्सर ऐकणाऱ्याच्या हाती द्यावा, म्हणून त्याला पॉट जोडला गेला, आणि १९३० च्या दशकात टोनचा नॉब रेडिओच्या तोंडावर आला.

तो टिकला मात्र वेगळ्या कारणाने. रात्री मीडियम वेव्हवर दूरची स्टेशने एकमेकांत घुसतात आणि बारीक शिटी वाजते. शॉर्टवेव्हवर खरखर आणि फुसफुस कायमची. रेकॉर्ड लावली तर सुईची घासघास. हे सगळे उपद्रव बहुतेक वरच्या कंपनांत असतात, म्हणून नॉब फिरवला की कानाला लगेच आराम पडतो. पण ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ ही व्यंजनेही तिथेच राहतात. शब्दाचा कणा व्यंजनांत असतो. खरखर घालवायला गेलो की शब्दही बोथट होतो.

नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्याच्या सीमेपलीकडच्या जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र सुरू केले. पोर्तुगीज आणि कोकणीतून त्याचे प्रक्षेपण गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत चालले. शॉर्टवेव्हवरचे क्षीण स्टेशन आणि हळू ठेवलेला आवाज अशी स्थिती असली की टोनचा नॉब हा चैनीचा विषय उरत नाही. खरखर सोसून शब्द पकडायचा, की खरखर मारून शब्द गमवायचा, एवढाच पर्याय असतो.

गाण्याचा हिशेब आणखी नाजूक. आमच्याच तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची जुनी ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड ऐकताना घासघास कमी करावी असे कोणालाही वाटेल. पण तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांचा मोहोरच. टोन पुरता उतरवला की जवारी पहिल्यांदा जाते, आणि आवाजातली धारही तिच्यामागोमाग. मी तरी अशा रेकॉर्डींना टोन पूर्ण उघडा ठेवतो आणि घासघास सोसतो.

कानाचाही यात वाटा आहे. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा फार जास्त कमी ऐकू येतो. रात्री शेजारी जागे होऊ नयेत म्हणून रेडिओ हळू केला की तो पातळ वाटतो, आणि हात आपोआप टोनकडे जातो. आजोबांची मधली जागा सारखी हलायची, ती बहुधा यामुळेही.

काढून घेण्यापलीकडे जाणारी रचना १९५२ मध्ये आली. पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपले सर्किट छापले. त्यात खर्ज आणि तीव्र स्वर वेगवेगळे वाढवता किंवा कमी करता येत, आणि दोन्ही नॉब मधोमध असले की आवाज जसाच्या तसा. जगभरच्या ॲम्प्लिफायरांनी ते उचलले. पण नॉब दोन झाले. एकाच नॉबात दोन्ही बाजू हव्यात, या हट्टातून पुढे ‘टिल्ट’ची रचना पसरली. क्वाड कंपनीच्या प्रीॲम्प्लिफायरमुळे (ॲम्प्लिफायरच्या आधीच्या टप्प्यामुळे) ती अनेकांच्या ओळखीची झाली. साधारण १००० हर्ट्झच्या आसपास बिंदू धरायचा आणि त्यावर आवाजाचा सगळा तराजू तिरका करायचा. एक बाजू खाली गेली की दुसरी वर येते. गिटारच्या ‘बिग मफ’ पेडलमध्ये एकच नॉब खर्जाची वाट आणि तीव्र स्वरांची वाट यांच्यामध्ये सरकतो. मधोमध ठेवला की मधल्या स्वरांत खळगा पडतो, आणि तो खळगाच वादकांना आवडला.

देवळातल्या जत्रेला नाटकाच्या वेळी मात्र मला साध्या नॉबची चिंता वाटते. माइक किंचाळू लागला की माइकवाल्याचा हात टोनकडे जातो. किंचाळणे थांबते हे खरे. पण भोंग्यातून खर्ज मुळातच फारसा निघत नाही, सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. त्यात टोनने वरचे स्वर काढून घेतले की मधला अरुंद पट्टा उरतो. नटाचे बोलणे तोंडात रुमाल धरल्यासारखे होते, आणि मागच्या रांगेतल्या आजीला वाक्याचा शेवट कळत नाही. अशा वेळी आधी माइक भोंग्याच्या तोंडापुढून मागे घ्यावा, आवाज थोडा उतरवावा, आणि टोनला हात शेवटी लावावा.

आमच्या टू-इन-वनचा पॉट खाऱ्या दमट हवेने खराब झाला होता. नॉब फिरवला की खर्रखर्र व्हायची, कारण आतल्या कार्बनच्या पट्टीवर मळ बसतो आणि ती झिजते. दुकानातून तेवढ्याच ओहमचा नवा पॉट आणून बसवला, तर फरक सगळा शेवटच्या थोड्याशा वळणात एकवटला. बाकीचा फेरा नुसता कोरडा. मूळ पॉट लॉग जातीचा होता, म्हणजे अडथळा आधी हळू, मग झपाट्याने बदलणारा; मी आणला लिनियर, म्हणजे सगळीकडे सारखा बदलणारा. कानाला सारखा वाटणारा बदल पट्टीवर सारख्या अंतराने येत नाही, म्हणून ही जात वेगळी बनवतात. दुसऱ्या फेरीत लॉग पॉट आणला. मग आरती लावून नॉब हळूहळू फिरवला, तेव्हा कासाळी एकेक पायरीने वर आली.