पराभूत उमेदवाराचा हिशेब

गावोगावच्या पारांवर वर्षानुवर्षे ऐकू येणारा आणि निवडणूक आली की मोबाइलवर हमखास फिरणारा समज असा: ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जो पडला, त्याला खर्चाचा हिशेब द्यावा लागत नाही.

वरकरणी हे पटण्यासारखे आहे, कारण ज्याला पदच मिळाले नाही त्याचे पद जाणार कसे? परंतु महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम १४-ब वाचले, तर त्यात ‘विजयी’ असा शब्द नाही, ‘व्यक्ती’ असा आहे. ठरलेल्या मुदतीत आणि पद्धतीने हिशेब न देणारी व्यक्ती, सबळ कारण नसल्यास, पाच वर्षांसाठी सदस्यत्वाला आणि निवडणूक लढवण्यालाही अपात्र ठरवली जाऊ शकते. मुदत निकालापासून ३० दिवसांची असते. म्हणजे जळगाव वा धुळे जिल्ह्यातील एखादा पराभूत उमेदवार पुढच्या खेपेस उभा राहू पाहील, तेव्हा हा जुना हिशेब त्याच्या आड येऊ शकतो.

खरी गोची मात्र खर्चाच्या नोंदीतच होते. पत्रके आणि रिक्षावरचा भोंगा यांच्या पावत्या राहतात. नातेवाइकाने ‘पैसे कशाला’ म्हणत दिलेले केळीवाहू पिकअप वहीत येतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रोजची नोंद ठेवावी.

पडताळणी सोपी आहे: अधिनियमाची प्रत उघडून हे कलम स्वतः वाचावे, आणि मुदत व नमुना तहसील कार्यालयातील निवडणूक शाखेत विचारून घ्यावा.