नॅसकारच्या ड्रायव्हर घडवणाऱ्या कार्यक्रमाचा अर्ज: दाखला नको, निकाल दाखवा

नॅसकार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची मोठी संस्था. मुलांना तिच्या ड्रायव्हर घडवणाऱ्या कार्यक्रमात घालायचं म्हटलं की "अल्पसंख्याक असल्याचा दाखला कुठून काढायचा?" हाच अमेरिकेतल्या मराठी पालकांचा बहुधा पहिला प्रश्न. तहसील कचेरीची सवय, दुसरं काय! असा दाखला लागत नाही. नॅसकारने 2004 मध्ये 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' सुरू केलं ते मुली आणि अल्पसंख्याक ड्रायव्हर पुढे यावेत म्हणून. हा कार्यक्रम चालवणाऱ्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉन्कर्डच्या रेव्ह रेसिंग टीममधून काइल लार्सन, बबा वॉलेस, डॅनियल सुआरेझ हे ड्रायव्हर वर गेले. पण 2023 मध्ये ही निवड भेदभावाची असल्याची तक्रार झाल्यावर पात्रतेची भाषा बदलली आणि दार सगळ्यांना खुलं झालं. जुनी माहिती वाचून, 'मुलगी आहे, भारतीय वंशाची आहे' एवढ्यावर विसंबू नका.

खरी अडचण रेसिंग रेझ्युमेची, आणि तोच कुणाकडे धड नसतो. भाड्याच्या गो-कार्टवर चषक धरून काढलेला फोटो म्हणजे रेझ्युमे नव्हे. दर शर्यतीची एक ओळ हवी: ट्रॅक, त्याची लांबी, डांबरी की मातीचा, गाडी कुठली, सुरुवात कितव्या जागेवरून, शेवट कितव्या. गाडी मध्येच बंद पडली असेल तर तेही कारणासकट लिहा. अशा ओळी गाळल्या तरी ट्रॅकच्या निकालात त्या दिसतातच, मग बाकीच्या रेझ्युमेवरही कोण विश्वास ठेवील?

निकालच नसतील तर आधी ते मिळवा. मोटरसायकलचं इंजिन लावलेली छोटी शर्यतीची गाडी, म्हणजे लेजंड्स कार, ही नेहमीची पहिली पायरी. या गाड्यांच्या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या इनेक्स संस्थेचं लायसन्स काढून शार्लट मोटर स्पीडवेच्या समर शूटआउट या उन्हाळी शर्यतींमध्ये पाव मैलाच्या ट्रॅकवर उतरता येतं. याच कार्यक्रमातला ड्रायव्हर राजा करूथ कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेटरवरून आला हे खरं, पण खऱ्या गाडीत फेऱ्या मारणं त्यालाही चुकलं नाही.

मुदतीचा घोळ दरवर्षीचा. निवड चाचणी साधारण ऑक्टोबरात असते, पुढच्या हंगामासाठी, आणि तीही निमंत्रितांसाठी. तिची बातमी वाचून अर्ज करायला निघालात तर उशीर झालेला असतो. वयाचंही तसंच: नॅसकारच्या खालच्या पायरीवरच्या आर्का मालिकेत छोट्या ट्रॅकवर 15, पिकअप ट्रकच्या शर्यतींच्या मालिकेत 16, मोठ्या ट्रॅकवर मात्र वयाची अट आणखी वाढते.

चाचणीत गाडी चालवणं, फिटनेस आणि मुलाखत. मुलाखतीत आपली हुशार मुलं गडबडतात. टीम प्रायोजकांच्या पैशावर चालते, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर मोकळं बोलता येणं ही शोभेची गोष्ट नाही. घरी मोबाइल लावून सराव करून घ्या.

एच-फोर किंवा एफ-वन व्हिसा असेल तर मानधन वा बक्षिसाचा एक डॉलरही घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि मुलगी खेळाडू आहे पण गाडीला हात लावलेला नाही, तर पिट क्रूची, म्हणजे शर्यतीत गाडी थांबली की टायर बदलणाऱ्या, इंधन भरणाऱ्या चमूची, निवड वेगळी होते. ब्रेहाना डॅनियल्स कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. ती टायर बदलणारी झाली ती याच वाटेने.